काटा आता गिऱ्हाइकावर डोळा ठेवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानांतल्या सेल्फ-चेकआउट यंत्रांबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरायच्या यंत्रांबद्दल, दोनच सूर ऐकू येतात. एक, 'बरं झालं, रांग गेली' आणि दुसरा, 'माणसांच्या पोटावर पाय'. माझी तक्रार तिसरीच आहे.

हातात दोन-तीन वस्तू असल्या की मीही यंत्रच गाठते. पुढच्याची भरलेली ट्रॉली रिकामी होईपर्यंत ताटकळावं लागत नाही. गिऱ्हाइकाला फुकट राबवतात, हा आक्षेपही मला फारसा पटत नाही. १९१६मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तोवर आपण यादी द्यायची आणि नोकराने माल काढून द्यायचा, अशी रीत होती. फळीवरची वस्तू स्वतः उचलायची सवय अशा दुकानांनीच लावली, आणि आज त्यात कुणाला राबणूक दिसत नाही.

पण वस्तू उचलणं वेगळं आणि हिशेब अंगावर घेणं वेगळं. नोकरीभर मी रोखपालाच्या खिडकीमागे बसले, म्हणून हे मला जास्त टोचत असेल. गल्ल्यावरच्या माणसाकडून चूक झाली तर तो 'अहो, हे दोनदा लागलं' म्हणतो आणि दुरुस्त करतो. माझ्या हातून एखादा बारकोड वाचायचा राहिला, तर त्याला कुणी चूक म्हणत नाही. थेट चोरीचा संशय.

मागच्या महिन्यात मी घरून नेलेली कापडी पिशवी यंत्राशेजारच्या पाटावर ठेवली. त्या पाटाखाली काटा असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचं नोंदलेलं वजन आणि पाटावर पडलेलं वजन जुळलं नाही की यंत्र अडून बसतं. माझ्या रिकाम्या पिशवीची नोंद अर्थातच त्याच्याकडे नव्हती. वरचा हिरवा दिवा लाल झाला आणि पडद्यावर आलं, 'मदतनिसाची वाट पाहा'. सहा यंत्रांना मिळून एकच मुलगी. ती आणखी दोन लाल दिवे आटपून माझ्याकडे आली, गळ्यातलं कार्ड टेकवलं, पिशवीत डोकावली आणि 'सॉरी हं काकू' म्हणाली. तोवर मागच्या रांगेने मला डोळ्यांनी तपासून झालं होतं. पूर्वी मापात पाप नको म्हणून आपण दुकानदाराच्या काट्यावर डोळा ठेवायचो!

शेजारी एक आजोबा पडद्यावर बोट दाबत होते, सदऱ्याला पुसून पुन्हा दाबत होते. ज्यांना दिसत नाही, त्यांना सपाट काचेवर बटण सापडणार तरी कसं? कित्येक यंत्रं रोख रक्कमही घेत नाहीत.

उत्तर इंग्लंडमधल्या 'बूथ्स' या साखळीने २०२३मध्ये २८ पैकी दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडून ही यंत्रं काढायचं ठरवलं. नेदरलँड्समध्ये 'जम्बो' या दुकानांच्या साखळीने २०१९मध्ये, ज्यांना दोन शब्द बोलायचे असतील त्यांच्यासाठी खास संथ गल्ला सुरू केला. वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही.

यंत्रं उखडून टाका, असं माझं म्हणणं नाही. पण दुकान उघडं असेपर्यंत माणसाचा एक तरी गल्ला चालू हवा. यंत्र अडलं तर आधी यंत्र तपासा, पिशवी नंतर. आणि त्या मुलीला बसायला एक खुर्ची द्या. मी होते तेवढ्या वेळात ती एकदाही टेकली नाही.

आपली,
एक निवृत्त रोखपाल