कॉन्फोकल मायक्रोस्कोपवाल्या ताईंना

ताई, नाव टाकलं तर तुम्ही रागवाल म्हणून टाकत नाही, डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना कळेलच. थीसिसमध्ये तुमच्या वाट्याला एकच ओळ आली ती मलाच खटकली, म्हणून हे.

पहिल्यांदा प्रोब, म्हणजे कॅन्सर पेशी चमकवून दाखवणारं रसायन, घेऊन आलो तेव्हा मी किती हवेत होतो आठवतंय ना? मूळ आयडिया टोकियोच्या उरानो सरांच्या ग्रुपची, 2011 ची. डायवर, म्हणजे चमकणाऱ्या रंगावर, ग्लुटामिक अ‍ॅसिडचं झाकण बसवायचं म्हणजे तो विझलेला राहतो, आणि बऱ्याच कॅन्सर पेशींवर बाहेरून जीजीटी नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते झाकण कापतं आणि डाय पेटतो. उंदरांमधल्या ओव्हरीच्या कॅन्सरच्या गाठी त्यांनी नुसता स्प्रे मारून मिनिटाभरात चमकवल्या होत्या. आम्ही तेच झाकण जरा लाल डायवर बसवत होतो, बस.

आणि स्क्रीनवर सगळंच चमकलं! ए549, म्हणजे जीजीटी भरपूर असलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी, चमकल्या ते ठीक, पण जीजीटी कमी असलेल्या पेशीपण. मी लगेच लेझर कमी करायला गेलो तर तुम्ही म्हणालात, "हात लावू नको, आधी टाइम-लॅप्स लाव." दहा मिनिटांनी पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवलीत. "अरे, एन्झाइम कापत असेल तर उजेड वाढायला हवा ना? ए549 मध्ये थोडा वाढलाय, पण ह्या दुसऱ्यांमध्ये पहिल्यापासून तेवढाच. तुझ्या बाटलीतच उघडा डाय आहे."

खरं सांगतो, राग आला होता. तीन महिने प्रोब शुद्ध करायला कॉलम घालून घालून वैतागलो होतो, शुद्धता बघायची एनएमआर टेस्ट स्वच्छ होती, आणि मायक्रोस्कोपवाल्या ताई मला केमिस्ट्री शिकवतायत! पण एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या मशीनला, चमक मोजणारा फ्लोरेसन्स डिटेक्टर लावला तर ग्राफवर प्रोबच्या शेजारी छोटासा पीक, म्हणजे उंचवटा, होताच. झाकण न बसलेला डाय, टक्काभर असेल, एनएमआरमध्ये तेवढा कुठे दिसतो, पण शंभर विझलेल्यांत एक पेटलेला असला की अंधारात तोच दिसणार.

परत प्युरिफाय करून आलो तेव्हा स्लॉट नव्हता, तुम्ही डबा बाजूला ठेवून बसलात. ए549 हळूहळू पेटत गेल्या, जीजीटीला अडवणारं इनहिबिटर घातलेली डिश काळीच राहिली. त्या काळ्या डिशचा फोटो अजून माझा वॉलपेपर आहे, घरचे विचारतात हे काय.

तुमच्या कॉम्प्युटरवर माझा 40 जीबी डेटा अजून पडलाय, डिलीट करू नका प्लीज, सोमवारी हार्डडिस्क घेऊन येतो.