घोरपडीची कात ओढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बार्शीकडचा सर्पमित्र. साप पकडायला बोलावतात आणि निघते घोरपड, असे पावसाळ्यात दर आठवड्याला होते. पण हे पत्र गेल्या मे महिन्यातल्या एका घोरपडीबद्दल आहे.

एका शेतवस्तीवर तिला तीन-चार महिने पत्र्याच्या पिंपात कोंडले होते. कशासाठी? सांधेदुखीवरचे तेल काढायला, दुसरे काय! १९७२च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीला, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते म्हणे. वनखात्याने तिला उपचारासाठी आणले तेव्हा मी मदतीला होतो. अंगावर जुनी कात भिंतीचे पोपडे सुटावेत तशी लोंबत होती. ‘खरूज झालीय’ असे समजून त्यांनी खोबरेल चोळले होते, वर कात ओढूनही काढली होती. पाठीवर दोन ठिकाणी खालची कोवळी कातडी सोलवटली होती.

सापाची कात मोज्यासारखी अखंड निघते. घोरपडीची तुकड्यातुकड्यांनी, कित्येक दिवस निघत राहते. तो रोग नव्हे. रानात ती बिळात, वारुळात शिरते, तिथे ओल असते. बाहेर दगडाला अंग घासते. पिंपात ना ओल, ना दगड, प्यायला पाणीसुद्धा धड नाही. मग बोटांच्या आणि शेपटीच्या टोकाला जुनी कातडी वाळून कडे धरते, दोरा आवळल्यासारखे. रक्त अडते, बोट काळे पडते.

हिच्या डाव्या पायाच्या तीन बोटांना अशी कडी होती. पशुवैद्यकांनी घमेल्यात कोमट पाणी घ्यायला सांगितले, छाती बुडेल इतकेच, म्हणजे डोके आपोआप वर राहते. रोज वीसेक मिनिटे त्यात, मग ओल्या गोणपाटात. त्यानंतर ओल्या कापसाने बोटाच्या टोकाकडे हलके चोळायचे. सुटेल तेवढेच काढायचे, अडले की उद्या. घोरपड फुसकारते, शेपटीचे फटके देते. माझ्या मनगटावर अजून वळ आहे. पाचव्या दिवशी दोन बोटे मोकळी झाली. तिसरे आधीच काळे पडले होते, ते गेले.

वनखात्याला एक विनंती. सुटका केलेले प्राणी ठेवायच्या पिंजऱ्यांत धुवायला सोपी म्हणून गुळगुळीत फरशी असते. तिथे घोरपडीसाठी ओलसर वाळूचे एक घमेले आणि एक खरबरीत दगड ठेवावा. वाळू नदीची नको असेल तर बांधकामावरची चाळून चालते, मी स्वतः आणून देईन.

आणि वाचकहो, अंगणात पोपडे सुटलेली घोरपड दिसली तर तेलाची बाटली आणू नका. ती आपली आपण जाईल. कोणी कोंडून ठेवलेली दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, नाव सांगायचे नसेल तरी करा.

आपला,
एक सर्पमित्र, बार्शी (जि. सोलापूर)