टेन्शन, नसा आणि तुझे सांधे

निलू,

तुझ्या रुमेटॉइडबद्दल (रोगाशी लढणारी इम्यून सिस्टीम स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो संधिवात) लोक काय म्हणतात ते तुझ्या मेसेजमध्ये वाचलं आणि डोकंच सटकलं. "सगळं तुझ्या मनाचं आहे, टेन्शन घेणं सोड" म्हणे! टेन्शनमध्ये तुझे सांधे जास्त ठणकतात हे खरंच असणार गं, पण म्हणून दुखणं खोटं कसं झालं? मेंदूपासून इम्यून पेशींपर्यंत चक्क नसांचं वायरिंग आहे, आणि त्यातलं बरंचसं शोधूनही झालंय.

एक जुनं निरीक्षण बघ. अर्धांगवायू झालेल्या माणसाला नंतर रुमेटॉइड झाला तर लुळ्या बाजूचे सांधे बऱ्याचदा वाचतात. रक्त दोन्हीकडे तेच ना? ती बाजू हलत नाही हेही कारण असेल, पण नसांवर संशय येणारच.

मग २००० साली केविन ट्रेसी या अमेरिकन संशोधकाच्या टीमने उंदरांवर दाखवलं की व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूतून निघून मानेतून खाली पोटापर्यंत जाते ती, करंट दिला की टीएनएफ खाली येतो. टीएनएफ म्हणजे सूज भडकवणारं प्रोटीन, तुझं ते महागडं इंजेक्शन ज्याला अडवतं तोच. रस्ता पुढे सापडला, तो प्लीहेतून जातो. तिथली नस नॉरअॅड्रेनालिन (नसा निरोप पोचवायला सोडतात ते एक केमिकल) सोडते, ते टी सेल्स नावाच्या काही इम्यून पेशींना लागलं की त्या स्वतःच अॅसिटिलकोलीन सोडतात (हो, नसांचं केमिकल इम्यून पेशी बनवते, मी ते वाक्य परत वाचलं) आणि त्याने मॅक्रोफेज, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या इम्यून पेशी, टीएनएफ बनवणं कमी करतात.

सांध्यात मात्र भानगड वेगळी. सुजलेल्या अस्तरातून सिंपथेटिक नसांचे (नॉरअॅड्रेनालिन सोडणाऱ्या, टेन्शनमध्ये जाग्या होणाऱ्या) तंतू मागे हटतात आणि सबस्टन्स पी नावाचं केमिकल सोडणारे, दुखणं कळवणारे, तिथेच ठाण मांडून बसतात. नॉरअॅड्रेनालिन भरपूर असेल तर पेशींवरच्या बीटा रिसेप्टरमधून (केमिकलचा निरोप घेणारी जागा) सूज दाबतं, कमी पडलं की अल्फा रिसेप्टरमधून उलट भडकवतं. म्हणून "स्ट्रेस वाईट" इतकं सोपं ते नाहीच. सकाळी बोटं आखडतात तेही इतकं सोपं नाही, रात्री उशिरा आयएल-६ हे सूज वाढवणारं प्रोटीन चढतं आणि सूज दाबणारं कॉर्टिसॉल हार्मोन त्या मानाने तोकडं पडतं.

आता तू विचारलेल्या, व्हेगसला करंट देणाऱ्या मशीनचं. २०१६ मध्ये १७ पेशंटना व्हेगसवर इम्प्लांट बसवल्याचा रिपोर्ट आला, चालू असताना बरं वाटलं, काही दिवस बंद ठेवलं तर आजार परत वाढला, पुन्हा चालू केलं की उतरला. मला तरी सगळ्यात पटलं ते हे बंद-चालूच. नंतर २४२ जणांची मोठी ट्रायल झाली, १२ आठवड्यांनी साधारण ३५ टक्के लोकांना ठरलेल्या मापाइतका फरक, आणि बसवून चालू न केलेल्यांतही २४ टक्क्यांना! म्हणजे काम करतं, पण जादू नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) मंजुरी दिली तीही बायोलॉजिक (तुझ्या इंजेक्शनसारखी) किंवा तशी टार्गेटेड औषधं पुरी पडत नाहीत किंवा सोसत नाहीत अशांसाठी. तुला तर इंजेक्शन लागू पडतंय.

आणि तू ऑर्डर करायला निघालेली कानाला लावायची ती क्लिप वेगळी, ऑपरेशनवाली नव्हे. कानातून करंट देण्याची रुमेटॉइडमध्ये खोट्या मशीनशी तुलना करून ट्रायल झालीये, काही खास फरक दिसला नाही. ऑर्डर अजून निघाली नसेल तर कॅन्सल कर, आणि मेथोट्रेक्झेट (तुझं रुमेटॉइडचं औषध) बंद करायचं डोक्यात असेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला.

तुझीच,
मेधा