ऑपरेटर काका, तुमचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातलं नागपूर, पत्र्याचं समाजभवन आणि आमच्या सिनेमंडळाने लावलेला १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. तरीही लोक शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, ते तुमच्यामुळे. बर्डीवरच्या टॉकीजच्या केबिनमध्ये तयार झालेली तुमची नजर आमच्या साध्या प्रोजेक्टरच्या कामी आली.

सगळ्यात मोलाचं काम चित्राच्या मापाचं. त्या काळचं चित्र उंचीच्या जेमतेम १.३७ पट रुंद, आपला प्रोजेक्टर १६:९चा, म्हणजे जवळपास पावणेदोन पट रुंद. ताणून पडदा भरला की माणसं ३० टक्के रुंद दिसतात. झूम केलं की वरचं-खालचं मिळून जवळपास पाव चित्र जातं. शेवटी तुकोबा गरुडावर बसून वर निघतात आणि जिजाई जमिनीवरच राहते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी मांडलेलं ते अंतर अशा कापाकापीत उरतच नाही. तुम्ही माप ‘ओरिजिनल’वर ठेवलंत, १२ फुटी पडद्यावर चित्र सव्वानऊ फूट रुंद घेतलंत आणि दोन्हीकडच्या साधारण १६ इंचांच्या पट्ट्यांवर काळं कापड टाचलंत. त्या काळ्या कडांमुळे करड्या रंगाच्या छटाही उठून आल्या. मोशन स्मूदिंग बंद करायलाही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर सेकंदाच्या २४ चौकटींत प्रोजेक्टर आपल्या पदरच्या चौकटी घुसवतो आणि सिनेमा टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

आवाजाचंही तसंच. मूळ आवाज मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नसलेला, म्हणून कोपऱ्यांतले दोन्ही स्पीकर बंद आणि एकच पडद्याखाली मधोमध. जुन्या साउंडट्रॅकवर ८ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, चढवला तर खरखर तेवढी वाढते. तो उतरवलात, १०० हर्ट्झखालची घुमही कापलीत. जमिनीवर सतरंज्या अंथरल्यामुळे हॉलचा घुमारा बसला. ‘आधी बीज एकले’चा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला. अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले ते शब्द इतके स्वच्छ ऐकू येणं ही त्यांच्या लेखणीचीही कदर आहे.

आणि कूलर! त्याच्या घरघरीत तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा हळुवार आवाज बुडालाच असता, शिवाय झोताने पडदा हलत होता. खेळाआधी तासभर आणि मध्यंतरात कूलर, सिनेमा चालू असताना फक्त पंखे, पडद्याच्या खालच्या शिवणीत लोखंडी पाइप: एवढ्यावर भागलं. उजेड पूर्ण जाईपर्यंत थांबून खेळ साडेसातला सुरू करायचा तुमचा आग्रहही योग्यच होता.

काका, पुढचा खेळ श्रावणात घ्यायचा विचार आहे. तेव्हा कूलर नसेल, पण पत्र्यावर पाऊस वाजेल. त्याचं काय करायचं ते बघायला त्याआधी एकदा संध्याकाळी नक्की या.

आपले,
सिनेमंडळातले सगळे, नागपूर