डेटा सेंटरवाल्यांशी बोलायला शिकवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी अंक छापून आला. तुमची प्रत पोस्टात टाकली आहे. डेटा सेंटर (कंपन्यांचे सर्व्हर ठेवायच्या इमारती) आणि इंटरकनेक्शन (नेटवर्कांच्या तारा एकमेकींना जोडणं) या धंद्यातल्या बड्या मंडळींच्या मुलाखती त्यात आहेत आणि तुमचं नाव कुठंही नाही. ‘नाव छापलंस तर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही’ ही तुमची धमकी मी खरी धरली. पण अंक वाचून जो तो विचारतोय, की ही माणसं तुझ्याशी एवढं मोकळं कशी बोलली? याचं उत्तर तुम्हाला वगळून देताच येत नाही. म्हणून हे उघड पत्र, बिननावाचं. ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

मी तुमच्याकडे आले ती फोन नंबर मागायला. नंबर तुम्ही दिलेत, पण फार नंतर. आधी व्हीएसएनएलच्या, त्या सरकारी परदेशी-टेलिफोन कंपनीच्या, गोष्टी ऐकवल्यात. 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा फोर्टातल्या विदेश संचार भवनात काय धांदल होती. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळाले आणि मग एक विचित्र प्रकार कसा सुरू झाला. एका कंपनीचं गिऱ्हाईक फोर्टात, दुसऱ्या कंपनीचं अंधेरीत. एकानं दुसऱ्याला मेल पाठवली की ती समुद्राखालून अमेरिकेला जायची, तिथं एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हाती पडायची आणि परत मुंबईला यायची. कारण मुंबईत या दोन कंपन्यांच्या तारा एकमेकींना कुठं भेटतच नव्हत्या. जाण्यायेण्याचं भाडं डॉलरमध्ये. हे थांबवायला 2003 मध्ये निक्सी उभी राहिली, देशातली ट्रॅफिक देशातच अदलाबदल करायला.

मी म्हटलं, हा आपल्याकडचाच गोंधळ. तर तुम्ही मला जर्मनीत नेलंत. तिथंही मेल अमेरिकेमार्गे फिरायची, म्हणून 1995 मध्ये तीन कंपन्यांनी फ्रँकफर्टच्या एका जुन्या पोस्टाच्या इमारतीत आपापल्या तारा एकत्र आणल्या. त्याचं पुढं डी-किक्स हे एक्स्चेंज, म्हणजे नेटवर्कांनी तारा जोडून ट्रॅफिक अदलाबदल करायचं ठिकाण, झालं. मार्च 2020 मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, तिथून सेकंदाला 9 टेराबिटच्या वर ट्रॅफिक जात होती. मग केनिया. नैरोबीत 2000 साली कंपन्यांनी एक्स्चेंज सुरू केलं, तर सरकारी टेलिफोन कंपनीनं तक्रार केली, आमच्या मक्तेदारीचा भंग होतो म्हणून. नियामकानं ते बंद पाडलं आणि 2002 मध्ये परत उघडायला परवानगी दिली. सांगताना तुम्ही एवढे हसलात, की काकू आतून बाहेर आल्या. आपल्याकडच्या कुठल्या साहेबांची तुम्हाला आठवण झाली होती ते मी लिहीत नाही.

त्या दुपारी तुम्ही एवढंच बजावलंत: “मोठ्या माणसाला मोठा प्रश्न विचारू नकोस. भविष्य काय, असं विचारलंस तर तो माहितीपत्रक वाचून दाखवील. कोण कोणाला काय देतो आणि पैसे कोण मोजतो, ते विचार.”

हे वाक्य मी सगळीकडे वापरलं, आणि प्रत्येक ठिकाणी चाललं. एका मोठ्या नेटवर्कच्या प्रमुखांना मी विचारलं, की तुम्ही ट्रान्झिट, म्हणजे साऱ्या इंटरनेटपर्यंतचा रस्ता, विकत घेता आणि पीअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कांनी आपापल्या गिऱ्हाइकांची ट्रॅफिक थेट अदलाबदल करणं, फुकट करता, तर मग कोणाशी पीअरिंग करायचं नाही हे कोण ठरवतं? तोवर साहेब खुर्चीत मागं रेलून बोलत होते. हा प्रश्न ऐकल्यावर पुढं झुकले, फोन काढला आणि पीअरिंगडीबी या नेटवर्कांच्या जाहीर यादीवरचं आपल्या नेटवर्कचं पान माझ्यासमोर धरलं. तिथं प्रत्येक नेटवर्क आपलं धोरण जाहीर लिहितं: ओपन, सिलेक्टिव्ह किंवा रिस्ट्रिक्टिव्ह. “आम्ही सिलेक्टिव्ह लिहिलंय,” ते म्हणाले, “म्हणजे काय ते आता ऐका.” आणि मग जे बोलले ते अंकात चार पानं आहे. लहान असताना सगळे ओपन असतात, गिऱ्हाईक वाढलं की दार अर्धं लोटून घेतात आणि फार वाढलं की समोरच्याकडूनच पैसे मागायला लागतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. निक्सीचा जुना हिशोबही त्यांनीच उलगडला: ज्यानं डेटा मागवला त्यानं फरकाचे पैसे द्यायचे. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ज्याच्याकडे नुसते बघणारे गिऱ्हाईक आहेत, त्या कंपनीला जोडलं जाणंच महाग पडायचं.

त्याच बैठकीत मी तुम्ही दिलेला आकडा पुढं केला. पॅकेट क्लिअरिंग हाउस या इंटरनेट एक्स्चेंजांवर काम करणाऱ्या संस्थेनं 2016 मध्ये 148 देशांतल्या नेटवर्कांचे 19 लाखांहून जास्त पीअरिंग करार तपासले. त्यातले 99.93 टक्के कागदावर नव्हतेच. नुसता शब्द, फार तर एक मेल. ‘खरंय का हो हे?’ असं विचारल्यावर साहेब म्हणाले, “अहो, वकिलाला बोलावलं की सहा महिने गेले.” एवढं जग ज्याच्यावर चाललंय ते असं तोंडी आहे, हे मला अजून पचलेलं नाही. पण तुम्ही फोनवर ‘आपली मुलगी आहे, बोला तिच्याशी’ एवढंच म्हणता आणि ज्या माणसाची सेक्रेटरी मला दाद देत नव्हती तो माणूस स्वतः वेळ देतो, ते का, हे मात्र तेव्हा कळलं. या धंद्यात ओळखीला कागदापेक्षा जास्त भाव आहे. चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. ज्याला असा काका नाही, त्यानं आत कसं शिरायचं?

मीट-मी रूम, म्हणजे डेटा सेंटरमधली सगळ्या कंपन्यांच्या तारा जिथं जोडतात ती खोली, बघायचीच, हा हट्टही तुमचाच. मला वाटलं होतं, खोली ती खोली, तारा त्या तारा. दोन दारांच्या पिंजऱ्यातून, बोटाचा ठसा देत, बुटांवर निळी पिशवी चढवून आत गेले. पिवळ्या फायबरच्या जुड्या छतालगतच्या ट्रेमधून येऊन पॅनेलवर उतरत होत्या आणि प्रत्येक तारेच्या गळ्यात छापील चिठ्ठी. या केजमधून (कंपनीच्या जाळीबंद जागेतून) त्या केजमध्ये, अमुक पोर्ट, तमुक पोर्ट. सोबतच्या इंजिनिअरनं एक तार नखानं दाखवली. दोन कंपन्या, बाजारात एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये जेमतेम काही मीटरची ही तार. तिला क्रॉस-कनेक्ट म्हणतात आणि तिचं भाडं दरमहा.

‘एवढ्याशा तारेचं भाडं कशाला?’ हे मी त्या सेंटरच्या प्रमुखांना विचारलं खरं, पण उत्तर तुमचंच वापरलं. वाशीच्या मार्केटात गाळ्याचा भाव भिंतींमुळे नसतो, शेजारच्या गाळ्यात कोण बसलंय त्यावर असतो, असं तुम्ही म्हणाला होतात. साहेबांनी ते वाक्य माझ्यादेखत वहीत टिपून घेतलं. आता ते कुठल्यातरी परिषदेत स्वतःचं म्हणून खपवतील, तयारीत राहा. अल एव्हरी आणि जे अ‍ॅडेलसन यांनी 1998 मध्ये इक्विनिक्स ही डेटा सेंटरची कंपनी काढली ती याच हिशोबावर: इमारत कुठल्याच टेलिफोन कंपनीच्या मालकीची नको, म्हणजे सगळ्यांना यायला संकोच नाही. आणि 2020 मध्ये त्याच इक्विनिक्सनं मुंबईतली जीपीएक्स कंपनीची दोन सेंटरं 161 दशलक्ष डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा पैसे शेजाराचेच मोजले. तुमच्या गाळ्याच्या गणितानं मला ती बातमी कळली. वर्तमानपत्रांत तर नुसती रक्कम होती.

समुद्राखालच्या केबलचं प्रकरण थोडक्यात, कारण त्यावर तुम्हीच अंकात मुलाखत द्यायला हवी होतीत आणि दिली नाहीत. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या दोन्ही केबली तुटल्या तेव्हाचं सगळ्यांनी सांगितलं. पश्चिमेचा रस्ता बंद, म्हणून ट्रॅफिक उलटी सिंगापूरमार्गे पॅसिफिक ओलांडून न्यावी लागली. 2024 मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा केबली तुटल्या, तेव्हा या लोकांच्या बोलण्यात घबराट कमी आणि वैताग जास्त होता. बाकी बहुतेक केबली मासेमारीच्या जाळ्यांनी आणि नांगरांनी तुटतात, शार्कनं नाही. हे मी अंकात ठळक अक्षरांत छापून घेतलं आहे, तुमच्या समाधानासाठी.

काका, सगळ्यात मोठा उपकार मात्र वेगळाच आहे. “साहेबाशी बोलून झालं, की रात्रपाळीचा माणूस माग,” असं तुम्ही म्हणाला होतात. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका सेंटरचे प्रमुख मला त्या दिवसाबद्दल अगदी झोकात सांगत होते: सगळं योजनेप्रमाणे झालं, गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, छान, आता त्या दिवशी डीजीपाशी, म्हणजे डिझेल जनरेटरपाशी, कोण होतं त्यांची गाठ घालून द्या. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि बोलावलं. हे श्रेय त्यांचंही.

आला तो साताऱ्याकडचा एक सुपरवायझर, रात्रपाळी संपवून घरी निघालेला आणि वीज गेल्यावर गेटवरून परत फिरलेला. त्यानं लॉगबुक आणलं. निळ्या बॉलपेनचं अक्षर: वेळ, डीजी नंबर, लोड, तेलाचं प्रेशर, डिझेलची पातळी, सही. सुरुवातीच्या ओळी घाईत, एकमेकींवर चढलेल्या. यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटंच तग धरतात, तेवढ्यात डीजींनी भार उचलायचा असतो, आणि ते उचलतात की नाही हे त्या मिनिटांत बघत उभं राहणं हे त्याचं काम. त्याला वीज जाण्याची भीती नव्हती. “वीज कधी येणार हे कुणी सांगत नव्हतं,” तो म्हणाला, “म्हणजे डिझेलचा टँकर आत्ता मागवायचा की थांबायचं?” त्यानं कुणाला न विचारता मागवला. साहेबांना ही गोष्ट त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा कळली, असा मला दाट संशय आहे. अंकातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली मुलाखत तीच, आणि ती घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

आता आपलं जिथं पटत नाही ते. पाण्याबद्दल आणि विजेबद्दल मी विचारत राहिले याचा तुम्हाला थोडा वैताग आला. ‘उगाच खोडी काढू नकोस, कष्टानं उभा केलेला धंदा आहे’ असं तुम्ही म्हणालात. कष्ट मान्य. पण पीयूईचा (एकूण वीज भागिले सर्व्हरना लागलेली वीज) आकडा सगळे दोन दशांशांपर्यंत पाठ म्हणतात, आणि त्याच माणसांना ‘कूलिंगला रोज पाणी किती, कुठून?’ असं विचारलं की टिकाऊपणावरचं भाषण सुरू होतं. महापे, रबाळे, ऐरोली इथं कारखान्यांच्या जागी ही बिनखिडक्यांची घरं उभी राहिली. कारखान्यात पाळी सुटली की रस्ता भरून माणसं निघायची, इथं गेटवर तेवढी दिसत नाहीत. हे विचारायचं नाही तर काय विचारायचं? आणि गंमत म्हणजे ‘पैसे कोण मोजतो’ हे सूत्र तुम्हीच हातात दिलंत. मी ते थोडं पुढं नेलं इतकंच. दोघांनी सरळ उत्तरं दिली. ती नावानिशी छापली आहेत, बाकीच्यांचं मौनही छापलं आहे.

एआयवर मात्र तुमचा अंदाज बरोबर निघाला. जिथं नुसती मॉडेलं शिकवायची ती सेंटरं जमीन आणि वीज स्वस्त असेल तिथं, अगदी आडरानातही जातील. पण ज्यांना हजार नेटवर्कांशी क्षणात बोलायचंय ती मुंबईची केबल स्टेशनं, जिथं समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात, सोडून लांब जाणार नाहीत, असं तुम्ही म्हणाला होतात. हे दोन वेगळे धंदे आहेत हे मला सगळ्यांनी मान्य करून दाखवलं, फक्त ज्यांनी नुकतीच आडरानात जमीन घेतली आहे ते सोडून.

मुलाखतींचे कागद तुम्ही पेन्सिल घेऊन वाचलेत, बिट आणि बाइटपाशी प्रत्येक वेळी थांबलात, एका साहेबांनी फुगवलेला मेगावॅटचा आकडा पकडून मला परत फोन करायला लावलात. गुडघ्याचं दुखणं असताना माझ्याबरोबर ऐरोलीला आलात आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिलात, आत गेलात तर ते लोक तुमच्याशीच बोलत बसतील म्हणून. यातल्या कशाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, रिक्षाचेसुद्धा. मनापासून आभार, काका. ‘आभार कसले’ हे उत्तर चालणार नाही.

आणि एक बाकी आहे. चेन्नईच्या केबल लँडिंग स्टेशनवरच्या तुमच्या त्या मित्राचा नंबर तुम्ही ‘बघू’ म्हणून टाळलात. अंक छापून झालाय, आता द्या. मी जानेवारीत जातेय, आणि या वेळी प्रश्नांची यादी आधी दाखवणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
डोंबिवलीची मुलाखतवाली