मंत्रिमहोदय, ‘परिचालनात्मक कारण’ म्हणजे नेमकं काय?

प्रति,
माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एका पहाटे मी विमानतळावर गेटसमोर बसले होते. फलकावर आमच्या उड्डाणापुढे ‘वेळेवर’ असं लिहिलेलं. हातातल्या फोनवर विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडं होतं. आम्हाला नेणारं विमान रात्रीपासून भलत्याच शहरात उभं आहे, जागचं हललेलंही नाही, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. फलकाला ते कळायला आणखी पन्नास मिनिटं लागली. मग मेसेज आला: ‘परिचालनात्मक कारणांमुळे आपले उड्डाण रद्द करण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “म्हणजे झालं काय?” तिने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. तिचा काय दोष, तिच्या हातातही तेवढंच दिलं होतं.

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

उड्डाणं रद्द होऊच नयेत, असं मी म्हणत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपात सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. त्याचा जाब कुणाला विचारणार? ड्यूटीचे तास संपलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये, हा नियम तर माझ्याच जिवासाठी आहे. गंमत अशी, की कमी पल्ल्याचं एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या करतं. सकाळी एका शहरात धुकं पडतं, पहिली फेरी दोन तास लांबते, उशीर पुढच्या प्रत्येक फेरीवर साचत जातो आणि संध्याकाळी वैमानिक-कर्मचाऱ्यांचे तास संपतात. शेवटची फेरी रद्द होते ती निरभ्र आकाशाखाली. प्रवासी वर बघतो आणि म्हणतो, हे खोटं बोलतायत. खरं तर कुणी खोटं बोललेलं नसतं, सांगितलेलंच नसतं.

पण त्याच वाक्याखाली दुसरंही बरंच काही लपतं. सकाळी आठचं आणि अकराचं अशी दोन्ही विमानं निम्मी रिकामी असली, की दोन्हींचे प्रवासी एकात बसवून एक फेरी वाचवता येते. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, म्हणजे स्लॉट, कंपन्यांना हंगामापुरते मिळतात. त्यातले ८० टक्के वापरले की पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात तेच स्लॉट पुन्हा मिळण्याचा हक्क राहतो. शंभरातल्या वीस फेऱ्या गाळल्या तरी काही बिघडत नाही. तिकिटं दहा-अकरा महिने आधी विकायला काढतात. स्लॉट पक्के होतात नंतर, कोणतं विमान कुठे लावायचं हे त्याहून नंतर. म्हणून सकाळी सातचं तिकीट काढलेल्याला चार महिन्यांनी ‘आपली सुधारित वेळ दुपारी २.३५’ अशी ईमेल येते. पुढचं जोडविमान सकाळी साडेदहाचं असलं तर ते त्याचं त्याने बघावं.

साहेब, कारण कंपनीला ठाऊक नसतं असं नाही. उशिराच्या कारणांसाठी या व्यवसायात वर्षानुवर्षे दोन आकडी कोड वापरात आहेत. ४१ म्हणजे विमानात तांत्रिक बिघाड. ६४ म्हणजे वैमानिकांची कमतरता. ७१ म्हणजे निघण्याच्या ठिकाणचं हवामान. ९३ म्हणजे आधीच्या फेरीवरून येणारं विमानच उशिरा आलं. गेटवर आम्ही एकमेकांना तर्क सांगत बसतो, तेव्हा कंपनीच्या नियंत्रण कक्षात कुणीतरी यातला आकडा टाइप करून मोकळा झालेला असतो.

आणि कारण म्हणजे नुसती माहिती नव्हे, त्यावर पैसे ठरतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार, १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत उड्डाण रद्द केलं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई द्यावी लागते. कंपनी सुटते ती परिस्थिती खरोखर असाधारण होती हे तिने सिद्ध केलं, किंवा मूळ वेळेच्या जवळपासचं दुसरं विमान दिलं, तरच. नेहमीच्या देखभालीत निघणारा तांत्रिक बिघाड असाधारण नाही, हे तिथल्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगून टाकलं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना २००३ पासून प्रत्येक रद्द उड्डाणाचं कारण सरकारला कळवावं लागतं: कंपनी, हवामान, हवाई वाहतूक यंत्रणा की सुरक्षा. जिथे कारणावर भरपाई अवलंबून आहे, तिथे ज्याने पैसे द्यायचे त्यानेच कारण गुलदस्त्यात ठेवायचं, ही सोय भारीच म्हणायची.

मी वाढीव भरपाई मागत नाही. माझं मागणं स्वस्त आहे. रद्द झालेल्या किंवा वेळ बदललेल्या प्रत्येक उड्डाणाच्या मेसेजमध्ये कारणाचा कोड आणि त्याचा सोप्या भाषेतला अर्थ सक्तीचा करा. पुढे चौकशीत कारण बदललं, तर तेही प्रवाशाला कळवायला लावा. आज तांत्रिक, भरपाई मागितल्यावर हवामान, असं नको. तिकिटं खपली नाहीत म्हणून फेरी गाळली असेल तर तसंच लिहा, मला राग येईल पण समजेल. आणि कोणत्या मार्गावर कोणत्या कारणाने किती उड्डाणं गाळली, याचा तक्ता दरमहा जाहीर होऊ द्या, म्हणजे तिकीट काढण्याआधी तो बघता येईल.

‘कोड ९३, येणारे विमान पोहोचलेले नाही.’ मला आलेल्या मेसेजमधल्या दिलगिरीच्या वाक्याइतक्याच जागेत हे मावतं.

आपली,
एक प्रवासी