आई, जहाजावरची माणसं कशी असतात ते सांगते

सिएटल, १८ जानेवारी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्हाला अलास्काच्या जहाजसहलीला नेण्याचा विषय निघाला आणि बाबा एकदम गप्प झाले. आई, तू म्हणालीस, "तुम्ही मुलांना घेऊन जाऊन या. तिथं सगळी बडी माणसं, आम्ही काय बोलणार त्यांच्याशी? खोलीत बसून दिवस काढायचे का?" पैशांचं कारण सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथे वाद घातला असता. पण माणसं आपल्याला हलकं लेखतील ही धास्ती वेगळी. तिला फोनवर घाईघाईने उत्तर देऊ नये असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या जूनच्या अखेरीस सासूबाईंना घेऊन आम्ही याच मार्गाने गेलो होतो, त्यामुळे यात ऐकीव काही नाही.

आधी, या जहाजांवर येतात कोण ते सांगते. निवृत्त शिक्षक, नर्सा, पोस्टात नोकरी केलेले, शेतकरी, छोटे दुकानदार. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी पाठवलेली जोडपी तर कितीतरी. अलास्काच्या जहाजांवर वयस्कर मंडळी जास्तच. काठी, वॉकर, कानातलं यंत्र जिकडेतिकडे दिसतं. गुडघे धरून जिना चढणारी तू एकटी नसशील. आणि कुणालाच कुठे पोचायची घाई नसते. सकाळी चहाच्या मशीनपाशी दिसलेला चेहरा दुपारी लिफ्टमध्ये आणि रात्री नाटकाला पुन्हा समोर येतो, मग माणूस आपोआप बोलायला लागतो. "कुठून आलात?" आणि "जहाजावर पहिल्यांदाच का?" एवढ्यावर अर्धा तास सहज जातो. पगार, घराची किंमत, मुलाचं लग्न हे विषय मात्र इथले लोक पहिल्या भेटीत काढत नाहीत, तेवढं आपणही सांभाळायचं.

जेवायला आम्ही अनोळखी लोकांबरोबरचं, सहा जणांचं टेबल मुद्दाम मागून घेतलं होतं. पहिल्या रात्री समोर कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातलं एक जोडपं येऊन बसलं, दोघंही सत्तरीच्या पुढची. माणूस उंच, हात थेट आपल्या नानामामासारखे, पेरांना भेगा पडलेले. नमस्कार-चमत्कार झाल्यावर दोघं गप्पच. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. दुसऱ्या रात्रीही तसंच चाललं होतं. तेवढ्यात वाढपी सासूबाईंसाठी वाटीभर आमटी घेऊन आला. मुख्य वाढपी गोव्याचा होता, आदल्या दिवशी सांगून ठेवलं की भटारखान्यातून डाळ-भात करून आणायचा. तो शेतकरी पुढे वाकून वाटीत बघायला लागला आणि म्हणाला, "ही मसुराची ना? मी हेच पिकवतो."

आई, त्यानंतर ते टेबल उठेचना. कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर त्या एका प्रांतात पिकतो, आणि आपला देश त्याचं मोठं गिऱ्हाईक. मे महिन्यात पेरणी, ऑगस्टपासून कापणी, मधल्या मोकळ्या दिवसांत हे दोघं फिरायला निघालेले. वर्षानुवर्षं मसूर पिकवला, पण जिरं-हिंगाची फोडणी दिलेली आमटी त्याने कधी चाखली नव्हती. सासूबाईंनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, बायकोलाही दिला. तिने दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद उलटा करून त्यावर कृती लिहून घेतली. सासूबाई सांगतायत, मी भाषांतर करतेय, अशी. मग सासूबाईंनी आपल्या इस्लामपूरकडच्या ढाब्यांवरच्या अख्ख्या मसुराचं वर्णन केलं, त्यात लसूण किती घालायचा इथपर्यंत.

बाबा, तुमची आठवण पुढच्या बोलण्यात आली. २०१७च्या डिसेंबरात आपल्या सरकारने मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा त्याच्या गावात घरोघरी हिशेब कोलमडले, असं तो सांगत होता. आणि मला डोळ्यांसमोर दिसत होतात तुम्ही, बाहेरून माल आला की हरभऱ्याचा भाव पडतो म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातून तोंड पाडून परत येणारे. मी त्याला ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने तुमची जमीन किती, पाणी कुठलं, बियाणं घरचं की विकतचं, असं एकेक विचारायला सुरुवात केली. मला अर्धी उत्तरंसुद्धा देता आली नाहीत. ती तुम्ही द्यायला हवी होतीत.

म्हणजे जहाजावर शिष्टपणा नसतोच असं नाही. पण त्यातला बराचसा कंपन्यांनीच बांधून ठेवलेला असतो. पूर्वी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असायचा, प्रत्येकाचं जेवणघर वेगळं, फिरायची जागासुद्धा वेगळी. क्युनार्ड या जहाज कंपनीच्या 'क्वीन मेरी २'वर अजूनही तुमची खोली कुठली त्यावर तुम्ही कुठे जेवायचं ते ठरतं. नॉर्वेजियन कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर 'हेवन', एमएससी कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर 'यॉट क्लब' असे कार्ड दाखवून आत जायचे वेगळे भाग असतात, त्यांचा पोहण्याचा तलावही वेगळा. अशा दारांपाशी वावरणाऱ्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागणारच. मला ही दारं मनापासून आवडत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी जहाज निवडताना सगळ्यांचं जेवणघर एक आहे ना, हे मी आधी पाहिलं.

आणि माणूसही भेटतं तसं. एक बाई सासूबाईंशी छान बोलत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "तुमची खोली कितव्या मजल्यावर?" सासूबाईंनी सरळ सांगितलं, पाचव्या, बिनखिडकीची. त्यावर बाई "अच्छा" म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागल्या. सासूबाईंना लागलं ते. रात्री झोपताना त्यांनी मला विचारलं, "आपण खिडकीवाली घ्यायला हवी होती का ग?" मला फार वाईट वाटलं. पण तेवढ्या सगळ्या दिवसांत असं वागणारी ती एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई एकट्या वर जाऊन नाश्त्याच्या टेबलावर बसल्या होत्या आणि शेजारच्या दोन बायका त्यांना भरतकाम दाखवत होत्या.

एक गोष्ट मात्र आपल्याच लोकांबद्दल सांगायला हवी. जहाजावर पर्यटन कंपनीबरोबर आलेला भारतीयांचा एक मोठा गट होता. त्यांची टेबलं एकत्र, गप्पा आपसात, फोटो आपसात, लिफ्टमध्ये शिरले की आवाज चढलेला. परक्या माणसाने हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी कित्येकदा कुणी मान वर करायचं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, एकमेकांच्या सोबतीत त्यांना सुरक्षित वाटत होतं एवढंच. पण बाहेरून बघणाऱ्याला ते शिष्टच दिसत होते. तेव्हापासून मला वाटतं, जहाजावर शिष्ट म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांतले अर्धेअधिक बुजलेले असतात. त्या मसूरवाल्या जोडप्याला तरी पहिल्या रात्री कंठ कुठे फुटला होता?

आई, इंग्रजीची काळजी नको. ग्लेशियर बे या अलास्कातल्या हिमनद्यांच्या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना सोडतात, आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात. त्या दिवशी सगळं जहाज कठड्याशी जमलं होतं. सासूबाई मागे उभ्या होत्या. एका उंच माणसाने त्यांचा खांदा हलकेच धरून त्यांना पुढे घेतलं, स्वतः मागे सरकला आणि आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. हिमनदीचा एक भलामोठा तुकडा कोसळला, आधी दिसला आणि मग त्याचा आवाज आला. सगळे ओरडले, सासूबाईही. त्या माणसाशी त्या तीन शब्दांपलीकडे काही बोलल्या नसतील.

या मैत्रीकडून फार अपेक्षा मात्र ठेवायची नाही. पत्ते घेतात, फोटो पाठवू म्हणतात, आणि घरी गेल्यावर आपापल्या कामाला लागतात. त्यात फसवणूक नसते. त्या आठवड्यापुरता जिव्हाळा खरा असतो.

आता कामाचं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, त्याच लोकांबरोबर जेवायचं, अशी सोय मी मागणार आहे. मनाला येईल तेव्हा जाऊन बसायचीही सोय असते, पण तिथे रोज नवे चेहरे, ओळख वाढत नाही. नटूनथटून जेवायच्या रात्री तुझी काठापदराची साडी आणि बाबांचा लग्नातला कोट पुरे आहे, आणि कंटाळा आला तर वरच्या बुफेत साध्या कपड्यांत जेवता येतं. जहाज परदेशी नोंदणीचं असल्याने १८८६च्या अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे त्याला मधे परदेशातलं एखादं बंदर घ्यावंच लागतं, ते कॅनडातलं व्हिक्टोरिया. तिथे तुम्ही खाली उतरला नाहीत तरी कॅनडाचा व्हिसा लागतो. तुमच्या अमेरिकेच्या व्हिसाला अजून मुदत आहे, पण कॅनडाचा अर्ज याच महिन्यात भरायला हवा, कारण बोटांचे ठसे द्यायला जावं लागेल. दादा सुट्टी काढून तुम्हाला घेऊन जाईल, त्याच्याशी बोलले आहे.

बाबा, तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा आठ जणांच्या टेबलावर त्रास होईल असं मला वाटतं. टेबल चौघांचं मागू की सहाचं, तेवढं रविवारी सांगा.

तुमची,
मनू